मायएस्क्यूएल डेटाबेस ५.५ वरून ८.० वर नेला, आता पावत्यांवरच्या काही वेळा साडेपाच तास मागे अन् काही बरोबर. डेटाला हात लावावा का?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळायलो. आधी सगळं ऑफिसातल्या जुन्या विंडोज मशीनवर होतं, मायएस्क्यूएल ५.५. गाळप सुरू असतानाच मशीन कुरकुरायला लागली म्हणून क्लाऊडवर उबुंटू सर्व्हर घेतला, मायएस्क्यूएल ८.० टाकलं, मायएस्क्यूएलडंपनं डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढला अन् तिकडं चढवला. एकही एरर नाही, रेकॉर्डची संख्या जुळली, वजनाची बेरीज जुळली.

पण वेळा बघा कशा दिसायल्यात. जुन्या पावत्यांमधी भरलेल्या वजनाची अन् रिकाम्या वजनाची वेळ साडेपाच तास मागे दिसते, पण त्याच पावतीवरची पावती-वेळ एकदम बरोबर. अन् नव्या सर्व्हरवर तयार झालेल्या पावत्यांमधी तिन्ही वेळा मागे. एकाच टेबलात हे असं कसं होतं ते मला कळंना.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर रात्री विचारलं नसतं. काटा चोवीस तास चालतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच ज्या गाड्या खाली होतात त्या सगळ्या आदल्या तारखेत जायल्यात, पाळीचं गाळप चुकतं, अन् पंधरवड्याच्या शेवटी तर १६ तारखेचा ऊस १५ तारखेत जाऊन बसतो म्हंजे बिलच वेगळ्या पंधरवड्यात. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तो दिवस ह्याच तारखेवरून मोजतात. वरून सांगणं आहे की एक अपडेट मारून सगळ्या वेळांमधी साडेपाच तास वाढवून टाक. माझं मन होईना. कुणी हे आधी केलंय का?

जालना_डीबीए

दादा, तो अपडेट आज मारू नका. आधी दोन गोष्टी टाका इथं. एक, त्या तिन्ही कॉलमचे टाइप काय आहेत, शो क्रिएट टेबल करून बघा. दोन, ग्लोबल टाइम_झोन (सगळ्या सर्व्हरचा), सेशन टाइम_झोन (तुमच्या चालू कनेक्शनपुरता) अन् सिस्टिम_टाइम_झोन ह्या तिन्हींची किंमत काय येते. माझा अंदाज आहे की तुमचा बराचसा डेटा बरोबरच आहे.

मांजराकाठ, लातूर

ग्लोबल सिस्टिम, सेशन पण सिस्टिम, अन् सिस्टिम_टाइम_झोन यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्या साडेपाच तास मागे). टेबलात चार कॉलम आहेत वेळेचे. "शेवटचा बदल" टाइमस्टॅम्प, "भरलेलं वजन" टाइमस्टॅम्प, "रिकामं वजन" टाइमस्टॅम्प, अन् "पावती वेळ" मात्र डेटटाइम. ज्यानं पहिल्यांदा टेबल केलं तो कधीच सोडून गेला, असं का केलं ते विचारायला कुणी नाही.

जालना_डीबीए

मग सगळं उलगडलं. जरा लांब लिहितो, पण नीट वाचा, कारण ह्याच्यावरच तुमचं सगळं अवलंबून आहे.

टाइमस्टॅम्प कॉलममधी मायएस्क्यूएल यूटीसीतला क्षण साठवतं. टाकताना सेशनच्या झोनमधून यूटीसीत नेतं अन् वाचताना परत सेशनच्या झोनमधी आणून दाखवतं. डेटटाइमचं तसं नाही, घड्याळात जे लिहिलं होतं तेच आकडे जसेच्या तसे ठेवतं, कुठल्या गावचं घड्याळ होतं ह्याचा त्याला पत्ता नसतो.

जुनी मशीन भारतीय वेळेवर होती. मायएस्क्यूएलडंप आपण काही सांगितलं नाही तर डंपच्या सुरवातीलाच झोन शून्य करून टाकतं, म्हंजे टाइमस्टॅम्प सगळे यूटीसीत लिहिले जातात अन् चढवताना यूटीसी म्हणूनच वाचले जातात. तुमचे जुने टाइमस्टॅम्प त्यामुळं एका सेकंदानंबी हललेले नाहीत. फक्त नवा सर्व्हर यूटीसीवर आहे म्हणून तो ते यूटीसीत दाखवतोय. पावती वेळ डेटटाइम असल्यामुळं जशी होती तशी आली, म्हणून ती बरोबर दिसते.

आता नव्या पावत्या. तुमच्या कोडमधी नाऊ (चालू वेळ देणारं) फंक्शन असणार. नव्या सर्व्हरवर नाऊ यूटीसीतली वेळ देतं. ती टाइमस्टॅम्पमधी गेली तर क्षण बरोबरच साठला, फक्त दिसायला मागे. पण तीच वेळ डेटटाइममधी गेली तर तिथं खरंच चुकीचे आकडे लिहिले गेले.

म्हंजे तुमच्याकडं खराब झालेला डेटा एवढाच, नव्या सर्व्हरवर आल्यापासूनच्या पावत्यांची पावती वेळ. बाकी सगळं चांगलं आहे. वरून सांगितलेला अपडेट मारला असता तर जुन्या पावत्यांची पावती वेळ साडेपाच तास पुढं गेली असती, अन् टाइमस्टॅम्पमधल्या चांगल्या क्षणांची वाट लागली असती, अन् उद्या कुणी झोन नीट केला की ते सगळे साडेपाच तास पुढं दिसले असते. मग कुठली ओळ कुणी कधी हलवली ते शोधत बसा पुढच्या हंगामापर्यंत.

पडताळायचं सोपं आहे. फक्त तुमच्या सेशनपुरता टाइम_झोन +०५:३० करा अन् जुन्या-नव्या पावत्या बघा. ह्यानं डेटा बदलत नाही.

मांजराकाठ, लातूर

केलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं सर. सेशन बदलल्या बदलल्या जुन्या पावत्यांच्या तिन्ही वेळा जुळल्या. नव्या पावत्यांमधी भरलेलं-रिकामं वजन बरोबर, फक्त पावती वेळ मागे. मग आता सर्व्हर कायमचा +०५:३० करून, नवा सर्व्हर सुरू झाला त्या वेळेनंतरच्या पावती वेळा तेवढ्या वाढवू का?

परभणी_क्वेरी

दादा, मधी बोलते, पण "त्या वेळेनंतरच्या" ह्या शब्दावर थांबा जरा. वेळेवरून ओळी निवडू नका. समजा संध्याकाळी सहाला जुनं बंद करून नवं सुरू केलं. नव्या सर्व्हरवरची पहिली पावती दुपारी साडेबाराची म्हणून लिहिली गेली असणार. मग साडेबारा ते सहा ह्या पट्ट्यात जुन्या सर्व्हरवरच्या खऱ्या दुपारच्या पावत्या अन् नव्या सर्व्हरवरच्या संध्याकाळच्या पावत्या एकमेकांत मिसळलेल्या आहेत, नुसत्या वेळेकडं बघून वेगळ्या करताच येणार नाहीत. पावती नंबर किंवा ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणाऱ्या) आयडीवरून सीमा धरा.

अन् तुमच्याकडं तर त्याच्याहून पक्का पुरावा आहे. पावती छापते तेव्हाच रिकामं वजन नोंदतं ना? मग रिकामं वजन अन् पावती वेळ ह्या दोन्ही एकाच वेळी लिहिल्या गेल्यात. सेशन +०५:३० ठेवून दोन्हींतला फरक मिनिटांत काढा. चांगल्या ओळींत शून्य येईल, बिघडलेल्या ओळींत बरोबर ३३०. आयडीची सीमा अन् ३३० चा फरक, दोन्ही अटी लागू होतील तेवढ्याच ओळी घ्या. ज्या ओळीत तिसराच आकडा येतो ती हातानं बघा.

अजून एक, अन् हे फार महत्त्वाचं. "शेवटचा बदल" हा टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प आहे. ५.५ मधी पहिल्या टाइमस्टॅम्प कॉलमला आपण काही लिहिलं नाही तर मायएस्क्यूएल स्वतःच डिफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प अन् ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प लावायचं. डंपमधून ती व्याख्या तशीच्या तशी ८.० मधी येते. तुम्ही दुरुस्तीचा अपडेट मारला की त्या प्रत्येक ओळीचा शेवटचा बदल आजची वेळ होऊन बसेल, ऑडिटला सांगायला काही उरणार नाही. अपडेटमधी "शेवटचा बदल बरोबर शेवटचा बदल" असं त्या कॉलमला त्याचीच किंमत द्या, मग तो हलत नाही.

मांजराकाठ, लातूर

ताई, शो क्रिएटमधी ऑन अपडेट खरंच आहे. हे माझ्या ध्यानात आलंच नसतं. बाकीच्या दोन टाइमस्टॅम्पना डिफॉल्ट सगळे शून्य असलेली तारीख आहे. गाडी आत आहे पण अजून खाली झाली नाही तर रिकाम्या वजनाच्या वेळेत शून्य तारीख असते, प्रोग्रॅम त्याच्यावरूनच "गाडी यार्डात" असं दाखवतो. ह्याचा काही त्रास?

परभणी_क्वेरी

त्रास आहे, फक्त अजून दिसला नाही. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत अडवणारा) अन् शून्य तारीख नको म्हणणारे मोड आपोआप चालू असतात. तुमचा डंप बिनबोभाट चढला कारण मायएस्क्यूएलडंप फाइलीच्या डोक्यावरच एस्क्यूएल मोड बदलून घेतं, म्हणून शून्य तारखा आत आल्या. पण पुढं कधी ह्या टेबलात एखादा कॉलम वाढवायला ऑल्टर टेबल माराल तेव्हा "अवैध डिफॉल्ट" म्हणून अडेल. अन् अॅपमधून शून्य तारीख टाकायला गेलात तरी अडेल. काही जण मोडच काढून टाकतात अन् चालू देतात. मला ते पटत नाही, पुढच्या अपग्रेडला तेच दुखणं परत उभं राहतं. डिफॉल्ट नल (म्हंजे किंमतच नाही) करा, जुन्या शून्य तारखा नल करा, अन् "गाडी यार्डात" ची अट नलवर आणा. फक्त हे गाळप थांबल्यावर करा, चालू काट्यावर नको.

आणिक एक फरक. ५.५ मधी नॉट नल टाइमस्टॅम्पमधी नल टाकला की चालू वेळ भरली जायची. ८.० मधी एक्सप्लिसिट_डिफॉल्ट्स_फॉर_टाइमस्टॅम्प आपोआप चालू असतं, तिथं तोच इन्सर्ट एरर देतो. जुन्या कोडमधी असं कुठं केलंय का शोधा.

कोडवाला_संभाजीनगर

काट्याचं अॅप कशात आहे? जावात असेल तर कनेक्टर (अॅपला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) बघा आधी. जुना ५.१ चा कनेक्टर झोनबद्दल फार काही बोलायचा नाही. ८.० चा कनेक्टर भारतीय वेळेच्या लिनक्स सर्व्हरला जोडला की "आयएसटी ओळखता येत नाही किंवा एकापेक्षा जास्त झोन होतात" असा एरर देऊन जोडायलाच नकार द्यायचा. तेव्हा नेटवर पहिलं उत्तर सापडतं ते म्हंजे सर्व्हरटाइमझोन यूटीसी लिहा. एरर जातो, पण सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर कनेक्टर त्याच्या वेळा यूटीसी समजून वर साडेपाच तास स्वतःच हलवतो. मी असे प्रोजेक्ट बघितलेत जिथं डेटाबेस बरोबर, कोड बरोबर, फक्त कनेक्शनच्या ओळीतला तो एक शब्द चुकीचा. तिथं एशिया/कोलकाता लिहा. ८.०.२३ पासून ह्या सेटिंगचं नाव कनेक्शनटाइमझोन झालं, जुनं नावबी चालतं, पण त्या व्हर्जनपासून वेळ हलवायचे नियम बदललेत, म्हणून कनेक्टर वाढवताना सर्व्हर वाढवतो तेवढीच काळजी घ्या.

अन् सेकंदांचे तुकडे! ५.६.४ पासून मायएस्क्यूएल सेकंदाचे सहा दशांश ठेवू शकतं. पण कॉलम साधा डेटटाइम असेल तर ५.५ वरचे दशांश सरळ तोडायचं अन् नवं व्हर्जन ते पूर्णांकात नेतं. पाळी संपल्याची वेळ कुणी २३:५९:५९.९९९ अशी टाकत असेल तर ती दुसऱ्या दिवशीची ००:००:०० होऊन बसते. तारखेचाच फरक. ८.० मधी तोडायचं वागणं परत आणायला टाइम_ट्रंकेट_फ्रॅक्शनल नावाचा मोड आहे, पण मी म्हणेन "बारा वाजायच्या आत" अशीच अट लिहा, शेवटचा सेकंद पकडायचा नादच नको.

गोदाकाठ_नांदेड

आम्ही पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसवर आहोत पण दुखणं तेच, म्हणून लिहितो. एका संस्थेकडून सीएसव्ही यायची, वेळेच्या मागं "आयएसटी" लिहिलेलं. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हंजे इस्राएलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढं. आपल्या वेळेत अन् त्याच्यात साडेतीन तासांचं अंतर. कुठलाच एरर नाही, सगळ्या नोंदी मुकाट साडेतीन तास पुढं सरकतात. टाइमझोन_अॅब्रिव्हिएशन्स ला "इंडिया" दिलं की आयएसटी साडेपाच होतं. अन् आता व्हर्जन १८ मधी हे बदललंय, आधी सेशनच्या झोनची स्वतःची लघुरूपं बघतं अन् मग ती यादी. म्हंजे सेशन एशिया/कोलकातावर असेल तर तोच इम्पोर्ट १७ वर इस्राएल समजतो अन् १८ वर भारत. ज्यांनी जुन्या वागण्याला धरून कोडमधी साडेतीन तास वजा करून ठेवलेत त्यांचं अपग्रेडनंतर उलटं होणार. माझं म्हणणं, फाइलीत लघुरूप घ्यायचंच नाही, +०५:३० लिहून मागा.

दुसरं प्रकरण सभासदांच्या जन्मतारखांचं. जुन्या अॅपनं जन्मतारीख टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन मधी ठेवलेली, मध्यरात्रीची वेळ लावून. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख शाळेत १ जून लावलेली असते हे सगळ्यांना ठाऊक. १ जून १९४३ ची काही माणसं ३१ मे ला जन्मलेली दिसायला लागली. कारण असं की महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढं होतं, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत यूटीसीच्या साडेसहा तास पुढं. एशिया/कोलकाता ह्या नावाला तो इतिहास माहीत आहे. एका बाजूनं हे नाव वापरून तारीख टाकली अन् दुसऱ्या बाजूनं नुसतं +०५:३० लावून वाचली की रात्रीचे अकरा वाजतात अन् तारीख एक दिवस मागे. जन्मतारखेला डेट हाच टाइप पाहिजे, त्याला झोन लावायचं कारणच नाही.

हिंगोलीकर

एक शंका. सगळीकडं वाचतो की सर्व्हर कायम यूटीसीवरच ठेवा. मग इथं +०५:३० करायला का सांगायलेत?

जालना_डीबीए

यूटीसी चांगलंच आहे, जेव्हा अॅप त्या विचारानं लिहिलेलं असतं. इथं कोडमधी नाऊ आहे, करडेट (आजची तारीख) आहे, रिपोर्टात तारखेवर ग्रुप बाय आहे, अन् डेटटाइममधी आधीपासून भारतीय घड्याळाच्या वेळा आहेत. ते सगळं न बदलता सर्व्हर यूटीसीवर ठेवला म्हणून तर हे झालं. मशीनचं घड्याळ यूटीसी राहू द्या, काही बिघडत नाही, पण मायएस्क्यूएलच्या कॉन्फिग फाइलीत डिफॉल्ट टाइम झोन +०५:३० लिहा. भारतात उन्हाळी वेळ नाही म्हणून चालू नोंदींना आकडा पुरतो. एशिया/कोलकाता असं नाव लिहायचं असेल तर आधी मायएस्क्यूएल_टीझेडइन्फो_टू_एस्क्यूएल चालवून झोनची टेबलं भरावी लागतात, ती रिकामी असली तर नाव ओळखत नाही अन् कन्व्हर्ट_टीझेड मुकाट्यानं नल देतं. रिपोर्टचा रकाना कोरा दिसला की पहिलं हेच बघायचं. एशिया/कलकत्ता हे जुनं नाव मात्र नव्यानं कुठं लिहू नका.

ग्लोबल झोन बदलला तरी आधीच उघडी असलेली कनेक्शनं जुनाच झोन धरून बसतात. कनेक्शन पूल (अॅपनं उघडून ठेवलेली कनेक्शनं) असेल तर अॅप रीस्टार्ट कराच, नाहीतर अर्ध्या पावत्या एका वेळेत अन् अर्ध्या दुसऱ्या वेळेत. अन् एरर लॉग बघताना लक्षात ठेवा, ५.७ पासून लॉगमधल्या वेळा आपोआप यूटीसीत असतात, लॉग_टाइमस्टॅम्प्स सिस्टिम केलं तर मशीनच्या घड्याळाप्रमाणं येतात, पण तुमचं मशीन यूटीसीवर आहे म्हणून तरीबी यूटीसीच. अॅपचा लॉग अन् डेटाबेसचा लॉग शेजारी ठेवून घटना जुळवताना माणसं इथंच फसतात.

मांजराकाठ, लातूर

काल पाळी बदलताना काटा थोडा वेळ थांबवून केलं. आधी पूर्ण बॅकअप, मग त्याची नक्कल दुसऱ्या मशीनवर चढवून तिथं तालीम. कॉन्फिगमधी +०५:३०, मायएस्क्यूएल रीस्टार्ट, अॅप रीस्टार्ट. आयडीची सीमा अन् ३३० मिनिटांचा फरक लावून निवडलेल्या ओळी आधी वेगळ्या टेबलात काढून ठेवल्या, मग अपडेट, शेवटचा बदल जागेवर ठेवून. तारीखवार गाळप परत काढलं तर काट्यावरच्या हातानं लिहिलेल्या वहीशी जुळलं. पाळीप्रमाणं पण जुळलं.

छापून गेलेल्या पावत्यांचा प्रश्न राहतोच. शेतकऱ्याच्या अन् वाहतूकदाराच्या हातात जो कागद आहे त्याच्यावर चुकीची तारीख आहे, अन् बिलाच्या वेळी तो माणूस तोच कागद घेऊन येणार. त्याला डेटाबेस दाखवून उपयोग नाही. म्हणून बदललेल्या पावत्यांची यादी, जुनी वेळ अन् नवी वेळ दोन्हीसकट, शेती विभागाला अन् गट ऑफिसांना सही घेऊन दिली, अन् ज्यांची तारीख बदलली त्यांना नवी पावती छापून द्यायला सांगितलं. वरच्यांना वाटत होतं एवढं कशाला. पण एका दिवसानं पंधरवडा बदलतो अन् त्या माणसाचे पैसे पुढं जातात, एवढं तर करायलाच पाहिजे.

बीड_बालाघाट

ह्याच धाग्यात विचारतो. आम्ही एका पतसंस्थेचं बघतो, मारियाडीबी १०.६ (मायएस्क्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस). घरकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख टाइमस्टॅम्पमधी आहे अन् १५ वर्षांचं नवं कर्ज सेव्हच होत नाही. १० वर्षांचं होतं.

परभणी_क्वेरी

भाऊ, टाइमस्टॅम्पची हद्द १९ जानेवारी २०३८ ला संपते, यूटीसीत ०३:१४:०७, आपल्याकडं सकाळचे ०८:४४:०७. १५ वर्षांचा हप्ता त्याच्या पलीकडं जातो. मायएस्क्यूएलमधी अजूनबी तीच हद्द आहे. ८.०.२८ पासून फ्रॉम_युनिक्सटाइम सारखी फंक्शनं पुढच्या तारखा घेतात, पण कॉलमची हद्द तीच. मारियाडीबीनं ११.५ पासून ६४ बिट मशीनवर २१०६ पर्यंत वाढवलीय. तेवढ्यासाठी व्हर्जन वाढवायची गरज नाही. हप्त्याची तारीख हा दिवस आहे, क्षण नाही, कॉलम डेट करा. ऑल्टर करायच्या आधी सेशन +०५:३० आहे ना ते बघून घ्या. रूपांतर सेशनच्या झोनमधी होतं, अन् यूटीसीवर असताना केलं तर मध्यरात्रीच्या सगळ्या तारखा एक दिवस मागे पडतील.